दर १५ मिनिटांनी ४० बाइट पाठवणाऱ्या मीटरची बॅटरी ५जीच्या एसडीटीने वाचेल का?

तुमचा प्रश्न असा : पाण्याच्या मीटरवर एनबी-आयओटी (छोट्या उपकरणांसाठीचं कमी वीज खाणारं मोबाइल तंत्र) मॉडेम, एमक्यूटीटी या संदेश-पद्धतीने दर १५ मिनिटांनी ४० बाइट, ३.६ व्होल्टचा १९ अँपिअर-अवरचा डी साइझ सेल, आणि तो १० महिन्यांत संपला. आता ५जी मॉड्यूल घेऊन त्यातलं स्मॉल डेटा ट्रान्समिशन, म्हणजे एसडीटी, वापरलं तर सुटेल का?

नाही सुटणार. आधी साधा भागाकार करा. १९,००० मिलिअँपिअर-अवर भागिले सुमारे ७,३०० तास, म्हणजे सरासरी २.६ मिलिअँपिअर. झोपलेला मॉडेम काही मायक्रोअँपिअरच खातो. कव्हरेज बरं असेल तर दिवसाला ९६ वेळा पाठवूनही इतकी सरासरी येत नाही. तुमचा मॉडेम रात्रंदिवस पेजिंग, म्हणजे नेटवर्कची हाक, ऐकत जागा बसलाय. पीएसएम (पॉवर सेव्हिंग मोड), म्हणजे मॉडेमची गाढ झोप, लागलेलाच नाही.

'पण आम्ही तो चालू केलाय,' असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. मॉडेमच्या सीपीएसएमएस कमांडला प्रश्नचिन्ह लावून विचारलं की तुम्ही मागितलेले आकडेच परत मिळतात, नेटवर्कने मंजूर केलेले नाहीत. मंजुरी बघायची तर सीईआरईजी ही कमांड ४ वर ठेवा आणि उत्तरातले शेवटचे दोन रकाने वाचा : ॲक्टिव्ह टाइम (झोपण्याआधी जागं राहण्याचा वेळ) आणि पिरिऑडिक टीएयू (किती वेळाने नेटवर्कला हजेरी द्यायची). ते रिकामे असतील तर तुमचा अर्ज फेटाळलाय, सिमच्या प्लॅनपासून तपासा. मागताना टी३४१२ साठी, म्हणजे टीएयूच्या टायमरसाठी, ००१०१००० द्या, ते ८ तास होतात. टी३३२४ साठी, म्हणजे ॲक्टिव्ह टाइमसाठी, ०००००१०१ : १० सेकंद. दोन्हींत पहिले तीन बिट एकक ठरवतात, पण दोन्हींची एककं वेगळी आहेत. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला की ॲक्टिव्ह टाइम सेकंदांऐवजी मिनिटांत जातो आणि मॉडेम प्रत्येक वेळी उगाच जागा राहतो.

हे झालं की पुढचा चोर दिसतो. बेंचवर असाच एक मीटर लावून मी करंटचा ग्राफ घेतला होता. सुरुवातीला दोनशेच्या वर मिलिअँपिअरचे बारीक सुळके, ते पाठवण्याचे. मग सुमारे १० सेकंद २० मिलिअँपिअरच्या आसपास सपाट पट्टा : डेटा गेलाय, पण बेस स्टेशन 'अजून काही येईल' म्हणून कनेक्शन धरून बसलंय. हत्ती गेला, शेपूट राहिलं, आणि इथे शेपूटच हत्तीपेक्षा जड. त्या पट्ट्यानंतर कनेक्शन सुटलं, आणि दोनच सेकंदांनी पुन्हा सुळके, पुन्हा तसाच पट्टा. एका रीडिंगला दोन कुबडं! कारण सर्व्हर आधी डेटाबेसमध्ये लिहायचा, बिलिंगला कळवायचा आणि मग सावकाश 'मिळालं' म्हणायचा. तोवर कनेक्शन सुटलेलं, मग पेजिंग, मग रँडम ॲक्सेस, म्हणजे नेटवर्ककडे जोडणी मागणं, पहिल्यापासून. सर्व्हरने पोच आधी द्यावी, लिहिणं नंतर करावं, एवढ्या बदलाने दुसरं कुबड गेलं. सर्व्हरवाल्यांना हे पटायला मात्र ग्राफची प्रिंट समोर ठेवावी लागली.

पहिलं शेपूट छाटायला आरएआय (रिलीज असिस्टन्स इंडिकेशन) वापरा. पाठवतानाच मॉडेम सांगतो की 'आता काही नाही' किंवा 'एकच उत्तर येईल, मग सोडा.' हे ३जीपीपी या मोबाइल मानकाच्या रिलीज १३ पासून आहे. मॉडेमच्या मॅन्युअलमध्ये त्याची कमांड शोधा, आणि नेटवर्क ऐकतं का ते ग्राफवरच बघा.

आता एसडीटी. ते रिलीज १७ मध्ये आलं : ५जीच्या इनॲक्टिव्ह अवस्थेतूनच, पूर्ण कनेक्शन न उभारता, रँडम ॲक्सेससोबत किंवा आधीच नेमून दिलेल्या ग्रँटवर, म्हणजे पाठवण्याच्या परवानगीवर, थोडा डेटा पाठवायचा. कल्पना उत्तम. पण ते चालू करणं नेटवर्कच्या हातात, डेटाची आणि सिग्नलची मर्यादाही तेच ठरवणार, आणि इनॲक्टिव्हमध्ये पेजिंग ऐकत राहावंच लागतं. ती पीएसएमची झोप नव्हे. तुमच्या एनबी-आयओटीत त्याची थोरली भावंडं आहेतच : रिलीज १५ चं ईडीटी (जोडणी पूर्ण होण्याआधीच, रँडम ॲक्सेससोबत डेटा), रिलीज १६ चं पीयूआर (आधीच नेमलेल्या ग्रँटवर डेटा). ईडीटीत वर जाणारा डेटा जास्तीत जास्त १००० बिट, म्हणजे १२५ बाइट. तुमचे ४०, आयपी-यूडीपीचे २८, डीटीएलएसचे (यूडीपीवरच्या एन्क्रिप्शनचे) २९ धरा : ९७. वर कोॲपचं (यूडीपीवर चालणाऱ्या हलक्या संदेश-पद्धतीचं) थोडं ओझं, जेमतेम बसतं. पण एमक्यूटीटी टीसीपीवर चालतं, आणि टीसीपीचं पहिलं पॅकेट रिकामंच जातं. डेटाची पाळी येईपर्यंत ईडीटीची संधी गेलेली असते. त्यावर दर वेळी टीएलएसचं (टीसीपीवरच्या एन्क्रिप्शनचं) नवं हँडशेक केलंत तर ४० बाइटांसाठी काही हजार बाइट इकडून तिकडे. कोॲप घ्या, यूडीपीवर, डीटीएलएसच्या कनेक्शन आयडीसह, म्हणजे झोपेतून उठल्यावर पत्ता बदलला तरी हँडशेक पुन्हा नको.

जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) काढून बायनरी करा म्हणजे बॅटरी वाचेल, हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. बाइट मोजू नका, जागं होणं मोजा. पाण्याच्या मीटरला १५ मिनिटांची घाई कुणाला आहे? चार रीडिंग एकत्र बांधून तासाला एकदा पाठवा. ९६ ची २४ होतात, मग १६० बाइट ईडीटीत नाही बसले तरी बिघडत नाही.

सेलचंही बघा. तुमच्यासारखा ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल बराच वेळ निवांत राहिला की आत पापुद्रा धरतो, आणि अचानक मोठा करंट ओढला की व्होल्टेज खाली बसतं. मॉडेम रीसेट होतो, बँड शोधून नव्याने अटॅच करतो, आणि खर्चात हेच सगळ्यात महाग. सेलला समांतर हायब्रिड लेयर कपॅसिटर लावा.

एक कबुली. खड्ड्यातल्या मीटरला बाइटही महाग पडतात. कव्हरेज खालच्या पातळीवर गेलं की एनबी-आयओटी तोच ब्लॉक वर पाठवताना १२८ वेळांपर्यंत पुन्हा पाठवू शकतं. तिथे बायनरीवाले बरोबर. पण तिथेही आधी चेंबरचं झाकण बघा. बिडाचं असेल तर अँटेना बाहेर काढा किंवा झाकण फायबरचं करा, आणि मग ग्राफ पुन्हा घ्या.