स्ट्रेंथ ट्रेनिंग सुरू करतो पण तिसऱ्या आठवड्यात सुटतं, ते कायमचं अंगवळणी कसं पाडायचं?

तुम्ही लिहिलंय की दरवेळी आठवड्याचे सहा दिवस, रोज तासभर असं जोरात सुरू करता आणि तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं. मग आधी ते सहा दिवस सोडा, खरंच गरज नाहीये त्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस एवढंच सांगितलंय, फक्त सगळे मोठे स्नायू त्यात यायला हवेत. अर्ध्या तासात होतं.

वार पक्के ठरवा, म्हणजे सोमवार-गुरुवार असं काहीतरी, आणि घड्याळातल्या वेळेपेक्षा रोज होणाऱ्याच एखाद्या गोष्टीला जोडून टाका. मी ऑफिसमधून आले की ऑफिसचे कपडे काढून थेट व्यायामाचेच घालते, मध्ये घरचे कपडे घालून जरा टेकलं की त्या दिवशी उठणं होत नाही.

व्यायाम चारच घ्या: स्क्वॉट, पुशअप (जमत नसेल तर भिंतीला किंवा टेबलाला हात टेकून), डंबेल रो (पुढे वाकून हातातलं डंबेल कमरेकडे ओढायचं) आणि डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायचं आणि वजन उचलत उभं राहायचं). स्क्वॉटला सुरुवातीला मागे खुर्ची ठेवा, दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, बसायला जातो तसं कंबर मागे नेत सावकाश खाली, खुर्चीला जेमतेम टेकलं की वर, टाचा उचलायच्या नाहीत आणि गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. अजून दोनेक रेप्स (एकदा खाली-वर म्हणजे एक रेप) निघतील असं वाटतं तिथेच सेट (न थांबता सलग केलेले रेप्स) थांबवा. दुसऱ्या दिवशी अंग दुखेल, कधीकधी तर दुसऱ्यापेक्षा तिसऱ्या दिवशी जास्त, पण ते आपोआप जातं, आणि मध्ये दोन दिवस मोकळे असले की त्याचा त्रासही वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट, वही ठेवा. माझ्या मते तिसऱ्या आठवड्यात बहुतेक जण सोडतात ते आळसाने नाही, तर आरशात काहीच दिसत नाही म्हणून! आणि दिसणार पण नाही, कारण पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती जास्त करून मज्जासंस्थेमुळे, म्हणजे आहेत तेच स्नायू मेंदू जास्त चांगले वापरायला लागतो, स्नायूंचा आकार नंतर वाढतो. पण वहीत मात्र ते लगेच दिसतं. ‘स्क्वॉट ८ किलो: १०, १०, ८’ (म्हणजे तीन सेट, प्रत्येकाचे रेप्स) एवढंच लिहायचं, पुढच्या वेळी शेवटच्या सेटला ९ काढायचा प्रयत्न करायचा, तिन्ही सेट १२-१२ झाले की वजन थोडं वाढवायचं आणि रेप्स परत ८ वर आणायचे. वजन असं वाढवत नेलं नाही तर शरीर आहे त्यालाच सरावतं आणि प्रगती थांबते.

ज्या दिवशी अजिबात वेळ नसेल तेव्हा चारही व्यायामांचा एकेक सेट करा, दहा मिनिटांत होतं, वार चुकत नाही. पूर्ण राहिलाच तर पुढच्या वेळी डबल करू नका, नेहमीचाच करा. आजारपणाने मोठा खंड पडला असेल तर उचलायचं वजन कमी करून सुरू करा, गेलेली ताकद पहिल्यापेक्षा लवकर परत येते.

आणि वय झालंय म्हणून थांबू नका. तिशी-चाळिशीपासून स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, साठीनंतर जास्त वेगाने, त्यामुळे उलट त्या वयात याची गरज जास्त आहे. माझ्या आईने साठीनंतरच सुरू केलं, आता खुर्चीवरून उठताना हाताचा आधार घेत नाही, मला तर याचं फार कौतुक वाटतं. फक्त बीपी, हृदयाचा त्रास किंवा जुनी दुखापत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि वजन उचलताना श्वास रोखून धरू नका, त्याने बीपी एकदम चढतं. जोर लावताना श्वास सोडायचा, खाली येताना घ्यायचा.