सिक्युरिटीमधलं संशोधन प्रत्यक्ष वापरात यायला इतकी वर्षं का लागतात?

तुम्ही विचारलंय की उपाय माहीत असूनही रोजच्या वापरातल्या सिस्टिममध्ये त्याच त्या चुका का सापडत राहतात. मी सी या प्रोग्रामिंग भाषेतला जुना कोड तपासण्याचं काम करते, म्हणून याच भागाबद्दल सांगते.

सी मध्ये ‘गेट्स’ नावाचं एक फंक्शन होतं. आलेला मजकूर ते मेमरीत भरायचं, पण जागा किती आहे हे विचारायची सोयच त्यात नव्हती. नोव्हेंबर 1988 मध्ये मॉरिस वर्म या इंटरनेटवर आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने हेच हेरलं: 512 बाइटच्या जागेत 536 बाइट ओतले आणि मशीनचा ताबा मिळवला. हा धोका जेम्स अँडरसन यांनी अमेरिकन हवाई दलासाठी केलेल्या अहवालात 1972 मध्येच मांडला होता. आणि ‘गेट्स’ सी च्या प्रमाण आवृत्तीतून निघालं कधी? 2011 मध्ये!

एवढा उशीर झाला, कारण त्यावर उभा असलेला जुना कोड. जो उपाय कोड न बदलता नुसत्या रीकंपाइलने, म्हणजे तोच कोड कंपायलरकडून पुन्हा मशीनच्या भाषेत आणून, लागू होतो, तो लवकर पसरतो. 1998 चं स्टॅकगार्ड तसं होतं. स्टॅकवर, म्हणजे चालू फंक्शन वापरतं त्या मेमरीत, एक गुप्त आकडा ठेवायचा, तो बदलला की प्रोग्राम थांबवायचा. आज जवळपास प्रत्येक कंपायलरमध्ये ही सोय आहे. याउलट केंब्रिज विद्यापीठ आणि एसआरआय या अमेरिकन संशोधन संस्थेचा चेरी प्रकल्प घ्या. त्यात प्रत्येक पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, आपली हद्द सोबत बाळगतो. कल्पना मला मनापासून पटते, पण 64 बिटच्या मशीनवर पॉइंटर 128 बिटचा होतो. मी तपासते त्या कोडमध्ये पॉइंटर सर्रास ‘लाँग’ या पूर्णांकाच्या प्रकारात कोंबलेले असतात, आणि 128 बिटचा पॉइंटर त्यात मावत नाही. अशी प्रत्येक जागा हाताने शोधून बदलावी लागेल. प्रकल्प 2010 चा, आणि ही कल्पना वापरणारा चिप-डिझाइन कंपनी आर्मचा प्रायोगिक मोरेलो बोर्ड आला 2022 मध्ये.

शिवाय दुरुस्ती लिहून झाली म्हणजे ती पोहोचली असं नाही. एका उपकरणात मला सापडलेल्या चुकीची दुरुस्ती एका ओळीची होती. पण सगळ्या चाचण्या पुन्हा करून ती वापरणाऱ्यांपर्यंत जायला सात महिने गेले, आणि ते सात महिने मला फार जड गेले.

तरी मी निराश नाही. अँड्रॉइडमध्ये 2019 साली 76 टक्के सुरक्षा-त्रुटी मेमरी हाताळण्यातल्या चुकांच्या होत्या, 2024 पर्यंत त्या 24 टक्क्यांवर आल्या. जुना कोड त्यांनी बहुतांशी तसाच ठेवला; नवा मात्र रस्टसारख्या, मेमरीच्या अशा चुका होऊ न देणाऱ्या सुरक्षित भाषांत लिहायला घेतला. नव्या चुका बहुतेक नव्या कोडमध्येच होतात, त्यामुळे एवढं पुरलं. आमच्या टीममध्येही नवा कोड अशाच भाषेत लिहावा, या मागणीचा मी सध्या पाठपुरावा करतेय.