एनव्हिडिया की एएमडी : ‘ड्रायव्हर खराब’ या कारणात तथ्य किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जुना ५५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), ग्राफिक्स कार्डासाठी ४० हजार रुपये, आणि सगळे मित्र सांगतात की एएमडीचे ड्रायव्हर (विंडोजकडून कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर) खराब असतात, डोळे मिटून एनव्हिडिया घे. त्यात खरं किती, आणि या दोन कंपन्यांच्या स्पर्धेत आपला फायदा कुठे?

कार्डाचं नाव शेवटी सांगतो. आधी ते ड्रायव्हरचं वाक्य, कारण तेवढं एक वाक्य ऐकून लोकांनी धडधाकट कार्डं निम्म्या भावात विकलेली मी पाहिली आहेत, आणि दर वेळी जीव तुटतो.

पुण्यातल्या कर्वेनगरहून आलेलं एक मशीन उदाहरणाला घेतो. आत एएमडीचं आरएक्स ६७०० एक्सटी कार्ड. गेम सुरू केला की पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन काळी, कार्डाचे पंखे एकदम जोरात, आणि मशीन आपोआप रीस्टार्ट. ज्यानं ते असेंबल करून दिलं होतं त्यानं तीनदा विंडोज नव्यानं टाकलं आणि चौथ्या खेपेला सांगितलं, ‘एएमडीचं असंच असतं, काढून टाका.’

अशा वेळी पहिल्यांदा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडायचा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. ड्रायव्हर अडकला तर विंडोज त्याला २ सेकंदांची मुदत देतं आणि मग त्याला रीसेट करतं. स्क्रीन क्षणभर जाते, परत येते, आणि लॉगमध्ये ‘डिस्प्ले’ या नावाखाली ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. बहुतेक वेळा एएमडीची बग कळवायची खिडकीही समोर येते. या मशीनमध्ये ४१०१ एकही नव्हती. रांगेनं होत्या त्या कर्नल-पॉवर ४१, आणि तपशिलात बगचेक-कोड शून्य. शून्य म्हणजे विंडोजला निळी स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही, बहुधा पायाखालची वीजच गेली. घरातली लाईट गेली तरी हीच नोंद पडते, तेव्हा आपल्याकडे पुण्यात गुरुवारी लाईट जाते त्या नोंदी आधी वगळा. उरलेल्या वेळा गेमच्या वेळांशी जुळतात का ते बघा. इथे सगळ्या जुळत होत्या.

आणखी एक खूण होती. बरेचसे क्रॅश गेमच्या मेनूत होत होते. मेनूत चित्र साधं असतं, फ्रेमना लगाम नसतो, कार्ड सेकंदाला चारशे-पाचशे फ्रेम (चित्रं) काढत बसतं आणि वीज मात्र कमाल ओढतं. म्हणून कॅबिनेट न उघडता करायची एक चाचणी: अॅड्रेनलिन या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स, ट्यूनिंग, कस्टम इथे जाऊन कार्डाची कमाल फ्रीक्वेन्सी २१०० मेगाहर्ट्झवर आणा आणि फ्रेम ६० वर बांधा. बाकी काही बदलू नका. क्रॅश थांबले तर संशय विजेवर. ड्रायव्हरमधली चूक अशी वॅट मोजून वागत नाही. या मशीनचे क्रॅश थांबले.

मग कॅबिनेट उघडलं. कार्डाला दोन आठ-पिनी सॉकेट, आणि दोन्हींत एकाच केबलची दोन डोकी लावलेली. या कार्डाची खपत २३० वॅट. थोडी वीज बोर्डावरच्या स्लॉटमधून येते, पण १८०-१९० वॅट त्या एका केबलमधून, म्हणजे १५ अँपिअरच्या पुढे. आठ-पिनी एका जोडाचं मानक १५० वॅटचं. शिवाय कार्ड काही मिलिसेकंदांसाठी सरासरीच्या दीडपट-दुप्पट झटका मारतं, तो वेगळा. चांगल्या एसएमपीएसच्या जाड तारा हे सोसतात. हा जुना एसएमपीएस आधीच्या मशीनमधून काढून बसवलेला होता आणि तारा बारीक होत्या. पहिल्या डोक्यातल्या एका पिनेभोवतीचं पांढरट प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालं होतं, आणि गेम चालू असताना तिथे बोट ठेववत नव्हतं.

मल्टीमीटरची टोकं जोडाच्या मागून घालून मोजलं, लाल टोक पिवळ्या तारेला, काळं काळ्याला. (सवय नसेल तर हे करू नका, दोन टोकं एकमेकांना टेकली तर एसएमपीएस जागच्या जागी बंद पडेल.) नुसता डेस्कटॉप असताना १२.१ व्होल्ट. लोड दिल्यावर एसएमपीएसच्या बाजूला ११.८ आणि कार्डाच्या बाजूला ११.३. मानकाची खालची मर्यादा ११.४ आहे. मधला अर्धा व्होल्ट केबलमध्ये आणि पिनांत हरवत होता. १५ अँपिअरनं गुणा, साडेसात वॅट नुसते प्लास्टिक भाजायला. आणि ही झाली सरासरी, मल्टीमीटरला झटके दिसत नाहीत.

दुसरी केबल एसएमपीएसच्या खोक्यात पिशवीसकट पडलेली होती. दोन सॉकेटना दोन स्वतंत्र केबल लावल्यावर कार्डाच्या बाजूला ११.७ मिळाले आणि क्रॅश वीस मिनिटांवरून दोन-तीन दिवसांतून एकावर आले. पुढे ६५० वॅटचा नवा एसएमपीएस बसला आणि तेही संपले. ड्रायव्हरची आवृत्ती पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तीच होती. विंडोजही तेच.

आता त्या ‘काढून टाका’ सल्ल्याचं बघा. समजा ६७०० एक्सटी विकून एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० बसवलं असतं. त्याची खपत ११५ वॅट, निम्मी. तीच कुजकी केबल, तोच थकलेला एसएमपीएस, आणि तरीही मशीन व्यवस्थित चाललं असतं. मालकानं आयुष्यभर सांगितलं असतं की एनव्हिडिया लावलं आणि सगळं सुरळीत झालं. ‘ड्रायव्हर खराब’ या कीर्तीतला बराच भाग असाच जमला आहे असं माझं ठाम मत आहे. कमी विजेत काम करणं हा ४०६०चा खरा गुण आहे, तो मान्यच. पण त्या गुणानं झाकलेला दोष ड्रायव्हरच्या नावावर मांडू नका. कार्ड बदलून बिघाड गेला म्हणजे कार्ड बिघडलं होतं, असं सिद्ध होत नाही. हे वाक्य मला त्या असेंबल करणाऱ्यालाही ऐकवायचं आहे.

एएमडीनं ड्रायव्हरमध्ये माती खाल्लीच नाही असं नाही. २०१९ मध्ये आरएक्स ५७०० एक्सटी आलं तेव्हा काळ्या स्क्रीनच्या तक्रारी खऱ्या होत्या. फेब्रुवारी २०२० च्या २०.२.२ या आवृत्तीत कंपनीनंच दुरुस्त्यांची यादी दिली. आणि २०२५ च्या सुरुवातीला एनव्हिडियाची ५० मालिका आली तेव्हा ५७२ मालिकेच्या ड्रायव्हरांनी अगदी तसाच काळा पडदा दाखवला, हॉटफिक्सवर हॉटफिक्स आले. त्यावरून मात्र कोणी ‘एनव्हिडियाचं असंच असतं’ म्हणालं नाही.

खरा ड्रायव्हरचा घोळ पुण्यात बहुतेक वेळा विंडोज अपडेटमुळे होतो. तुम्ही नवा ड्रायव्हर टाकता, विंडोज पाठीमागून जुना टाकतं, आणि अॅड्रेनलिन म्हणतं की सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर जुळत नाहीत. उपाय क्रमानंच करायचा. नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. नेटची केबल काढा, वायफाय बंद करा. सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवा, त्यातला ‘विंडोज अपडेटनं ड्रायव्हर उतरवू नये’ हा पर्याय चालू करा, साफ करून रीस्टार्ट. नेट अजून बंदच. मग ड्रायव्हर टाका आणि शक्यतो ‘ड्रायव्हर ओन्ली’ निवडा. सगळं उरकल्यावर नेट जोडा. लोक नेट चालू ठेवून हे करतात, साफ झाल्या क्षणी विंडोज पुन्हा जुना ड्रायव्हर खेचतं, आणि दोष कंपनीला.

स्पर्धेचा फायदा होतो का? होतो, पण हळू. एनव्हिडियानं २०१३ मध्ये जी-सिंक (कार्ड आणि मॉनिटर यांचा वेग जुळवून चित्र फाटू न देणारं तंत्र) आणलं तेव्हा मॉनिटरमध्ये त्यांचंच मॉड्यूल लागायचं आणि मॉनिटर महाग पडायचा. २०१५ पासून एएमडीचं फ्रीसिंक तसल्या मॉड्यूलशिवाय मिळू लागलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाला तसे मॉनिटर स्वीकारावे लागले. आज साध्या मॉनिटरवर कुठलंही कार्ड लावून चित्र न फाटता खेळता येतं ते त्यामुळे. पण लबाडीत दोघंही एकमेकांना सोडत नाहीत. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९७० च्या ४ जीबी मेमरीतले साडेतीनच वेगवान होते. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आवृत्तीत नुसती मेमरी कमी नव्हती, कोअरही १२८० ऐवजी ११५२ होते. एएमडीनं आरएक्स ५६० या एकाच नावाखाली १०२४ आणि ८९६ कोअरची कार्डं विकली. आजही एनव्हिडियाचं ५०६० टीआय आणि एएमडीचं ९०६० एक्सटी ही दोन्ही नावं ८ आणि १६ जीबी अशा दोन कार्डांना दिली आहेत. खोक्यावरचा जीबीचा आकडा आणि बिलावरचा आकडा दोन्ही वाचूनच पैसे द्या.

तुमच्यासाठी आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी. तुमच्या बजेटात ५०६० टीआयचं बहुधा ८ जीबीच बसेल, आणि तुमच्या बोर्डावर ते नको. बी४५० वर कार्डाचा स्लॉट पीसीआय-ई ३.० या जुन्या पिढीचा आहे. ५०६० टीआय त्यातल्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, म्हणजे ३.० वर सेकंदाला जेमतेम ८ जीबी. ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं, ती वाट दुप्पट रुंद. गेमला ८ जीबी पुरली नाही की उरलेला माल याच वाटेनं रॅममधून आणावा लागतो. सरासरी फ्रेम ठीक दिसतात आणि खेळताना मात्र मध्येमध्ये गचके बसतात. ९०६० एक्सटीचंही ८ जीबीचं कार्ड घेऊ नका, पैसे फुकट जातील.

बसवताना बोर्डाचं बायोस अद्ययावत करा, आणि त्याच्या सेटिंगमध्ये अबव्ह फोर-जी डिकोडिंग आणि रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारे पर्याय) चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीनं मशीन सुरू करायची सोय) बंद. विंडोजची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज उठणारच नाही. आधी बॅकअप घेऊन विंडोजच्याच एमबीआर-टू-जीपीटी साधनानं ती बदला. १०८०पीला तुमचा ३६०० प्रोसेसर हे कार्ड पूर्ण पळवू शकणार नाही, पण पुढे याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो.

काही गोष्टी मात्र वरच्या सगळ्याच्या आड येतात. ब्लेंडर, मशीन लर्निंग, कॉलेजचा कुडावर (एनव्हिडियाच्याच कार्डांसाठीच्या प्रोग्रॅमिंग प्रणालीवर) चालणारा प्रकल्प यांतलं काहीही असेल तर एनव्हिडिया घ्या, तिथे वाद नाही. डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवायचं एनव्हिडियाचं तंत्र, जुन्या गेममध्येही मोठ्या प्रमाणात आहे. एएमडीचं तसलंच एफएसआर ४ चित्राला उत्तम, पण ते मिळणाऱ्या गेमची यादी त्या मानानं लहान. इंटेलचं बी५८० हे कार्ड १२ जीबीचं आणि स्वस्त आहे, पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर भार टाकतो आणि ३६०० वर ते दमतं, म्हणून तुम्हाला नको.

९०६० एक्सटीची खपत १६० वॅट, बहुतेक मॉडेलना एकच आठ-पिनी जोड, त्यामुळे दोन डोक्यांचा प्रश्न तुमच्याकडे येणार नाही. तरी जुन्या एसएमपीएसच्या स्टिकरवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचा. त्यातले अँपिअर गुणिले १२, तेवढे खरे वॅट. तिथे ३५ अँपिअरपेक्षा कमी आकडा असेल, किंवा आठ-पिनी जोडात एकही पीन तपकिरी दिसली, तर या महिन्यात एसएमपीएस घ्या आणि कार्ड पुढच्या महिन्यात.