वाचकांचे प्रश्न : माडीच्या जिन्यातले ड्रम

प्रश्न : लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममध्ये ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यात ड्रमचा जो आवाज आहे, तसा आम्हाला हवा आहे. घर चिऱ्याचं, कौलारू, माडीचं. ड्रमला सहा माइक लावले तरी आवाज बारीकच येतो. कोणता माइक घ्यावा?
(एक वाचक, देवगड)

उत्तर : नवा माइक घेऊ नका. आहेत त्यांतले चार काढून ठेवा. त्या गाण्यात ड्रमला दोनच माइक होते. इंग्लंडमध्ये हॅम्पशर परगण्यातल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात जिन्याच्या तळाशी बँडचा ड्रमर जॉन बॉनम याचा ड्रमसेट मांडला होता आणि अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने वरच्या मजल्यावरून बायरडायनॅमिक एम१६० जातीचे दोन रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेले) सोडले होते. बास ड्रमला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) वेगळा माइक नव्हता. आवाज केबलने बाहेर उभ्या असलेल्या रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओत जाई. तिथे तो कंप्रेसरने (मोठा आवाज आपोआप खाली दाबणाऱ्या यंत्राने) चांगला दाबला, बिन्सन एकोरेक या इटालियन यंत्राचा एको दिला आणि नंतर टेपचा वेगही उतरवला. एवढंच. बाकी काम जिन्याच्या उंचीने आणि बॉनमच्या हातापायांनी केलं.

तुमच्याकडे जिना आहे, तेव्हा अर्धं काम झालंच आहे. ड्रम जिन्याच्या पायथ्याशी आणा. कोबा किंवा शहाबादी फरशी असेल तर उत्तम. जमीन सारवलेली असेल तर खाली ८ बाय ४ फुटांचे जाड प्लायचे दोन तक्ते टाका. गाद्या, गोधड्या, दोरीवरचे कपडे आधी बाहेर. उघडा चिरा सच्छिद्र असतो, वरचे सूर शोषून घेतो. गिलावा केलेली भिंत ते परत फेकते. म्हणून सेटचं तोंड गिलाव्याच्या भिंतीकडे करा. डोक्यावर लाकडी माळा असला तर आवाज कोंडून भरदार होतो, नुसती कौलं असली तर फटींतून निसटतो.

माइक माडीच्या कठड्यावरून सोडा, स्नेअरपासून (खाली तारा लावलेल्या छोट्या ड्रमपासून) साडेतीन-चार मीटरवर. दोन्हींचं अंतर सारखं हवं. डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मधोमध धरायला सांगा, दुसरं एका माइकला टेकवा, गाठ मारा आणि तीच गाठ दुसऱ्या माइकशी जुळवा. आवाज एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. ३० सेंटिमीटरचा फरक राहिला, तर दोन्ही ट्रॅक एकत्र करताना ५७० हर्ट्‌झच्या आसपासचा भाग एकमेकांना मारतो आणि स्नेअर पोकळ वाजतो. सहा माइकांत तुमचं बहुधा हेच होतंय.

बॉनमच्या लडविग कंपनीच्या सेटमधला बास ड्रम २६ इंची होता. तुमचा २२ इंची असला तरी चालेल, पण आतली उशी काढा आणि पुढचं कातडं लावूनच ठेवा. वाजवणाऱ्याने सिंबल (सेटच्या झांजा) हलके ठेवायचे, पाय आणि स्नेअर जोरात. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण लांबचा माइक कंप्रेसरमध्ये गेला की सिंबल सगळं झाकून टाकतात आणि ते मिक्सिंगमध्ये सावरता येत नाही. कंप्रेसरचा अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे काठीचा पहिला फटका सुटून जातो. दाब ८ ते १० डेसिबल. मिनिटाला ७२ ठोक्यांच्या लयीत एक ठोका ८३३ मिलिसेकंदांचा असतो. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) ३०० ते ४०० ठेवलात तर पुढच्या ठोक्याआधी काटा जागेवर येतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये खोली श्वास घेताना ऐकू येते. ७६ च्या लयीत वाजवून ट्रॅकचा वेग एक सेमीटोन (अर्धा स्वर) उतरवा; लय ७२ च्या जवळ येते आणि ड्रम आणखी जड होतो.

कंप्रेसर समुद्राची गाजही वर आणतो. ४० हर्ट्‌झखालचं कापा आणि ध्वनिमुद्रण ओहोटीच्या वेळी ठेवा.

प्रश्न : त्याच अल्बममधल्या ‘स्टेअरवे टू हेवन’च्या सुरुवातीला बासरी आहे का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. तो रेकॉर्डर आहे, म्हणजे सरळ धरून फुंकायचं पाश्चात्त्य वाद्य, बँडच्याच जॉन पॉल जोन्सने वाजवलेलं. एकावर एक ट्रॅक चढवले आहेत. सरळ धरून फुंकायचा पावा त्याच्या बराच जवळ जातो. आडव्या बासरीत फुंकेचा वारा जास्त येतो.

प्रश्न : त्याच अल्बममधल्या ‘ब्लॅक डॉग’ गाण्याचा गिटार ॲम्पशिवाय केला म्हणतात. आम्ही केला तर नुसती घुरघुर येते.
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : खरं आहे. बँडच्या जिमी पेजचा लेस पॉल गिटार थेट मिक्सरच्या माइक-प्रीॲम्पमध्ये (माइकचा आवाज वाढवणाऱ्या भागात) घालून तो फाटेपर्यंत चढवला आणि पुढे ११७६ जातीचे दोन कंप्रेसर एकापाठोपाठ लावले. तुम्ही इंटरफेसच्या (आवाज संगणकात घेणाऱ्या यंत्राच्या) गिटारसाठीच्या इनपुटमध्ये जा, लाइन इनपुटमध्ये नको. त्यात पिकअपचा वरचा सूर मरतो. वर ५ ते ६ हजार हर्ट्‌झच्या पुढचं कापा, नाहीतर आवाज माशीसारखा भुणभुणतो. डावी, उजवी आणि मधली बाजू तीन वेळा वेगवेगळी वाजवा. एकच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज मोठा होतो, रुंद होत नाही.

घुरघुर ५० हर्ट्‌झची असेल तर आधी अर्थिंग पाहा. जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात कोळसा-मीठ आहे का ते बघा आणि पाणी घाला.

प्रश्न : पावसाळ्यात कंडेन्सर माइक तडतडतो.
(एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : त्याच्या पडद्यामागची फट केसाहून बारीक असते. तिथे दमट, खारट थर बसला की विद्युतभार गळतो आणि तडतड ऐकू येते. मीठ स्वतः ओल ओढतं, म्हणून एकदा लागलेली खोड उन्हाळ्यातही पूर्ण जात नाही. झाकण घट्ट बसणाऱ्या दहा लिटरच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४० ते ५० टक्के पुरे. तांदूळ नको, त्याची पूड आत जाते. हेअर ड्रायर तर अजिबात नको. रिबन माइक पंख्याच्या वाऱ्यात ठेवू नका, आणि तो जोडण्याआधी फँटम पॉवर (केबलमधून माइकला जाणारी वीज) बंद करा. केबल सदोष असेल तर पट्टी ताणली जाते. प्लगच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.