आधी कोमट पाणी, मग गार

दादर, मुंबई

प्रिय मुली,

तुझा मेसेज काल रात्री उशिरा वाचला. प्रश्न दोन ओळींचा, पण उत्तर फोनवर टाइप करण्यासारखं नाही, म्हणून पत्रच लिहायला बसले. जानेवारीत बारा दिवसांची रजा मिळाली आहे, पैसे साठले आहेत, आणि स्कूबा डाइव्हिंगला कुठे जावं यात मन दोन ठिकाणी अडकलंय: अंदमान किंवा मालदीवचं उबदार पाणी, की केपटाउनचं गार पाणी आणि तिथलं केल्पचं, म्हणजे उंच समुद्री शैवालाचं, जंगल. ऑफिसमधला मित्र म्हणाला, "गार पाण्यात उतरतो तोच खरा डाइव्हर." त्याचं हे वाक्य तुला लागलेलं दिसतं.

माझं मत आधीच सांगते. या जानेवारीत अंदमानातल्या हॅवलॉकला जा. केपटाउनला दोन वर्षांनी जा, आणि जायचंच, ते सोडू नकोस. पण मी म्हणते म्हणून ऐकू नकोस. कारणं सांगते, ती पटली तर बघ.

तुझ्या लॉगबुकात आज चार डाइव्ह आहेत, चारही कोर्सच्या. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ केलेली ती पहिली मी धरत नाही. तिथे माणूस मागून सिलिंडर धरून तुला फिरवत होता आणि तू फक्त श्वास घेत होतीस. पाण्याखाली माणसाजवळ लक्षाची एक ठरावीक शिदोरी असते. नवख्या माणसाची ती सगळी स्वतःवरच संपते: कान मोकळे झाले का, हवा किती उरली, बडी, म्हणजे जोडीदार, कुठे गेला, मी वर चाललेय की खाली. यातून जे उरेल तेवढंच समुद्राच्या वाट्याला येतं. कोमट पाणी या शिदोरीतलं फारसं मागत नाही. गार पाणी उतरल्या क्षणापासून मागायला लागतं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या अकरा डाइव्ह झाल्या होत्या तेव्हा मी केपटाउनला गेले, तेही जानेवारीत, आणि अटलांटिकच्या बाजूला उतरले. वर कडक उन्हाळा, लोक वाळूत पडलेले, आणि पाणी दहा-अकरा अंश. जिथून सामान भाड्याने घेतलं तिथे कुणी माझं लॉगबुक मागितलं नाही, आणि 7 मिलिमीटरचा जो सूट दिला तो मला एक माप मोठा होता. वेटसूट अंगाला घट्ट बसला तर आत शिरलेलं पाणी तिथेच राहून अंगाच्या उबेने गरम होतं. ढगळ असेल तर प्रत्येक हालचालीला पाठीतून नवं गार पाणी आत येतं. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे 25 पट वेगाने ओढून नेतं. आठव्या मिनिटाला माझ्या बोटांना बीसीडीचं, म्हणजे हवा भरून-सोडून तरंग सांभाळणाऱ्या जॅकेटचं, बटण लागेना. बटण होतं, बोट त्यावर होतं, पण दाबलं की नाही ते कळत नव्हतं. डोळ्यांनी पाहून दाबावं लागलं. उरलेली हवा दाखवणाऱ्या गेजची क्लिप सोडवायला जमेना म्हणून गेज पाहणंच टाळलं, आणि ही चूक किती मोठी होती ते तुला कळेल. चौदाव्या मिनिटाला खूण करून वर आले. भोवती केल्पचं रान उभं होतं आणि मी त्यातलं काही पाहिलं नाही. ते पाहिलं नंतर, बोटीवर कुडकुडत बसल्यावर, वरून तरंगणारी पानं.

समुद्राचा त्यात दोष नव्हता. माझी शिदोरी संपली होती, एवढंच.

गार पाण्यात आणखी काय काय बदलतं ते ऐक. अंदमानात पाणी 27 ते 30 अंश असतं, तिथे 3 मिलिमीटरचा सूट आणि कमरेला चार-पाच किलो शिसं पुरतं. केपला जाड सूट, हूड, बूट, हातमोजे, आणि हे सगळं रबर तुला वर ढकलणार म्हणून शिसं जवळपास दुप्पट. त्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे असतात. 20 मीटरवर दाब वरच्या तिप्पट होतो, ते बुडबुडे चेपतात आणि सूट पातळ होतो. म्हणजे जिथे थंडी जास्त तिथेच ऊब कमी, आणि तू जड होऊन खाली जायला लागतेस. मग बीसीडीत हवा भरायची. वर येताना रबर पुन्हा फुगतं, बीसीडीतली हवाही फुगते, आणि ती वेळेवर सोडली नाहीस तर तुझ्या मनाविरुद्ध तू वर निघतेस. हे सगळं बधिर बोटांनी करायचं. पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येणारा सूट, लागतो. त्याचा वेगळा कोर्स आहे, कारण त्यातली हवा पायांत गेली तर माणूस उलटा होऊन वर येतो. शिवाय अंग गार पडलं की हातापायांकडचं रक्त कमी होतं आणि तिथे श्वासातल्या हवेतून मुरलेला नायट्रोजन वर येताना नीट बाहेर पडत नाही. म्हणून गार पाण्यात जाणती माणसं डाइव्ह छोटी ठेवतात.

आता तुझ्या मित्राच्या वाक्याकडे येते. कोमट पाणी म्हणजे सोपं पाणी, असं त्याला वाटत असावं. मालदीवमधल्या खाड्यांत, ज्यांना तिथे 'कांडू' म्हणतात, भरती-ओहोटीचं पाणी प्रवाळाच्या दोन भिंतींमधून असं वाहतं की चांगले तयार डाइव्हरही कड्याला हूक लावून धरून राहतात. पाणी 28 अंश असलं तरी तो प्रवाह चार डाइव्हच्या मुलीसाठी नाही. तिथल्या बऱ्याच बोटी अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स आणि काही डझन डाइव्ह झाल्याशिवाय घेत नाहीत, आणि ते बरोबर आहे. मंटा रे मासे पाहायला मालदीवच्याच बा अटोल या प्रवाळबेटांच्या समूहातल्या हनिफारूला जायचं डोक्यात असेल तर तेही सांगते: तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल चालतं, आणि मंटा येतात त्या जून ते नोव्हेंबरच्या सुमारास. जानेवारीत तू तिथे काय करणार?

म्हणून हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. तिथे निमो रीफसारख्या उथळ, शांत जागा आहेत. जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकल पुढच्या खेपेला ठेव. हॅवलॉकचं पाणी एका बाबतीत फसवं आहे, तेवढं लक्षात ठेव. लांबपर्यंत दिसत असलं की 25 मीटरवर असूनही बारावर असल्यासारखं वाटतं, कारण वर बोटीचा तळ स्पष्ट दिसत असतो. डोळ्यांवर विसंबू नकोस, मनगटावरचा खोली दाखवणारा कॉम्प्युटर बघत राहा.

हे पाणी इतकं नितळ का, याचा विचार केलास का कधी? दुधावर साय धरावी तसा उन्हाने तापलेला हलका थर वर बसून राहतो, आणि खालचं पोषक पाणी त्यातून वर येत नाही. मग प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कमी, म्हणून पाणी आरपार दिसतं. त्या उपाशी पाण्यात प्रवाळ जगतं ते स्वतःच्या अंगात सूक्ष्म शैवाल सांभाळून. शैवाल उन्हावर अन्न करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. केपला याच्या उलट. उन्हाळ्यात आग्नेयेकडून वारा सुटतो, वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो, आणि तळाचं गार, पोषक पाणी वर येतं. म्हणूनच मला भर जानेवारीत दहा अंश मिळाले. आपल्याकडे पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यालगत असंच तळाचं पाणी वर येतं आणि तारली त्यावर पोसते. जिथे पाणी असं ढवळलं जातं तिथे ते हिरवट, गढूळ, पण भरलेलं असतं. तिथला केल्प म्हणजे बांबूएवढा पोकळ दांडा, वरच्या टोकाला वायूने फुगलेला गड्डा, आणि त्यातून सुटलेली चामड्यासारखी लांब पानं. आठ-दहा मीटर उंच. लाट आली की सगळं रान एकदम एका बाजूला कलतं, आणि त्याबरोबर तूही. त्यात दगडाखाली अंगभर लांब काळे पट्टे असलेली छोटी पायजमा शार्क झोपलेली असते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी ती पाहिली, माझ्या हाताच्या अंतरावर, कल्ले हळूहळू उघडत-मिटत होते. तेव्हा माझ्या नव्वदच्या वर डाइव्ह झाल्या होत्या, आणि सूट मी स्वतः मापून घेतला होता.

हे तुला पाहायला मिळावं अशी माझी फार इच्छा आहे. पण जून-जुलैमध्ये जा. तेव्हा तिकडे हिवाळा असतो, केपटाउनच्या दुसऱ्या बाजूचा फॉल्स बे शांत असतो आणि पाणी तेरा ते पंधरा अंश असतं, अटलांटिकच्या बाजूसारखं दहा नाही. आणि आपल्यासाठी ते सोयीचंही आहे. पावसाळ्यात मालवण बंद, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बंद, अंदमानचा समुद्र खवळलेला. मुंबईचा डाइव्हर त्या चार महिन्यांत नुसता बसून असतो.

हॅवलॉक आधी, याला आणखी एक कारण आहे, आणि ते लिहिताना मला वाईट वाटतं. प्रवाळ तापमानाच्या बाबतीत फार नाजूक आहे. पाणी नेहमीपेक्षा एखादा अंशच जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर ते अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 1998 मध्ये लक्षद्वीप आणि मालदीवमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं, 2010 मध्ये अंदमानात झालं, आणि एप्रिल 2024 मध्ये जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर झालं. केल्पही सुखात नाही. टास्मानियातलं उंच केल्प जवळजवळ सगळं गेलंय. तरी तुझ्या घरापासून एका दिवसात पोहोचता येईल असं जे प्रवाळ आज उभं आहे ते आधी बघ, नीट बघ.

बारा दिवसांत किती डाइव्ह करायच्या, असं विचारशील. दिवसाला दोनच. चौथ्या दिवशी सुट्टी घे. कोमट पाण्यातही रोज तास-दीड तास राहिलं की अंग थकतं. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान 18 तास जाऊ दे. हॅवलॉकहून बोट, मग श्री विजयपुरमहून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) विमान, हे धरून शेवटचा दिवस कोरडाच ठेव. आणि तारखा काढताना कालनिर्णय उघड. माहीमच्या कोळीवाड्यातले एक काका मला सांगायचे, पुनव-अवसेला उधाण, अष्टमीला भांग. भांगाच्या दिवसांत पाणी कमी ओढतं आणि गाळही कमी उठतो. जमलं तर तुझे पहिले दिवस अष्टमीच्या आसपास येऊ देत. तिथे गेल्यावर रोज नवी जागा मागू नकोस. एकाच जागी चारदा जा. चौथ्यांदा तुला पोपटमाशाने प्रवाळ कुरतडल्याचा कटकट आवाज ऐकू येईल. तो पहिल्या दिवशीही होत असतो, पण तेव्हा तुला फक्त तुझा श्वास ऐकू येतो. लॉगबुकात माशांच्या नावांआधी हे लिही: किती किलो शिसं, कोणता सूट, किती हवेने उतरलीस, किती उरली. केपला जाताना याच नोंदी कामाला येतील.

पैसे आणि व्हिसाबद्दल वेगळं काही सांगत नाही, तो हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला करतेस.

तिकीट काढण्याआधी रविवारी सकाळी घरी ये. सिटीलाइटच्या मासळी बाजारातून बर्फ आणून ठेवते, घमेल्यात पाणी करून थर्मामीटरवर दहा अंश आणू. माझे जुने हातमोजे घाल, दहा मिनिटं हात त्यात ठेव, आणि मग गेजची क्लिप लावून-सोडवून दाखव. नंतर तोंडात स्नॉर्कल धरून, मास्क न लावता, चेहरा त्या पाण्यात घाल आणि शांतपणे वीस श्वास घे. पहिल्या तीन श्वासांना छाती काय करते ते स्वतः बघ. त्यानंतरही केपटाउनच म्हणालीस तर मी अडवणार नाही, तुझ्याबरोबर बसून सूटचं माप घेईन.

तुझी,
ताई