संपादित ग्रंथाचा संदर्भ देताना

प्रश्न: पीएचडीच्या प्रबंधात एका संपादित ग्रंथातल्या लेखातलं अवतरण घेतलं आहे. मुखपृष्ठावर संपादकांचं नाव असल्याने कंसात तेच दिलं. मार्गदर्शक ते चूक म्हणतात. असं का?
— संशोधक विद्यार्थिनी, नांदेड

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. वाक्य ज्याने लिहिलं त्याचंच नाव मजकुरात यायला हवं. संपादकाचं दिलंत तर दुसऱ्याचं मत त्याच्या माथी मारलं जातं, आणि त्याच लेखाशी असलेला मतभेद त्याने प्रस्तावनेत नोंदवलेलाही असू शकतो.

एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संदर्भपद्धतीच्या सातव्या आवृत्तीनुसार संदर्भसूचीतला क्रम असा: लेखाचा लेखक, कंसात साल, लेखाचं शीर्षक, मग ‘समाविष्ट’, संपादकाचं नाव आणि कंसात ‘संपा.’, ग्रंथाचं नाव, कंसात लेखाची पृष्ठं, शेवटी प्रकाशक. प्रकाशनस्थळ या आवृत्तीत गळालं आहे; विद्यापीठाचा नमुना ते मागत असेल तर निमूटपणे द्या.

लेखकाचं आडनाव आधी येतं, संपादकाचं मात्र सरळ, ‘य. दि. फडके’ असं. आडनाव पुढे आणायचं ते सूची अकारविल्हे लावण्यासाठी, आणि नोंद लागते लेखकाच्या नावावर. सूचीत लेखाची पहिल्यापासून शेवटपर्यंतची पानं द्यायची, मजकुरात फक्त अवतरणाचं पान.

संपादकाची प्रस्तावना उद्धृत करत असाल तर तिथे लेखक तोच. अख्ख्या ग्रंथाविषयी लिहीत असाल तर लेखकाच्या जागी संपादक, पुढे ‘(संपा.)’.

प्रश्न: ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’मधून ‘गुलामगिरी’ उद्धृत करतो आहे. ‘फुले, १९९१’ हे विचित्र दिसतं.
— एमएचा विद्यार्थी, सातारा

दिसणारच. मजकुरात ‘(फुले, १८७३/१९९१)’ असं लिहा. आधी मूळ साल, मग हातातल्या प्रतीचं. सूचीत:

फुले, जो. (१९९१). गुलामगिरी. समाविष्ट: य. दि. फडके (संपा.), महात्मा फुले समग्र वाङ्मय (पृ. …). महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. (मूळ प्रकाशन १८७३)

इथे एक खड्डा आहे. हाच ग्रंथ मंडळाने १९६९ साली काढला तेव्हा संपादक धनंजय कीर आणि स. गं. मालशे होते. ग्रंथालयात दोन्ही प्रती शेजारी असू शकतात. अवतरण जुन्या प्रतीतून टिपायचं आणि नोंद मात्र दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलायची, म्हणजे नाव फडक्यांचं आणि पानं कीर-मालशांची. परीक्षकाने पान उघडलं की तिथे भलताच मजकूर! म्हणून अवतरण टिपतानाच शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान, दोन्हींचा फोटो काढून ठेवा.

प्रश्न: एकाच संपादित ग्रंथातले दोन लेख लागोपाठ आले तर दुसऱ्या तळटीपेत ‘तत्रैव’ (म्हणजे ‘तिथेच’, इंग्रजीतलं ibid.) चालेल का?
— प्राध्यापक, पणजी

नाही. ‘तत्रैव’ आधीच्या तळटीपेतल्या लेखाकडे बोट दाखवतं, ग्रंथाकडे नव्हे. लेखक बदलला की नवी नोंद. शिकागो या दुसऱ्या संदर्भपद्धतीत तर सतराव्या आवृत्तीपासून ‘तत्रैव’ऐवजी लेखकाचं आडनाव आणि पान देण्याकडेच कल आहे, आणि ते बरंच आहे: मध्ये एखादी तळटीप घुसवली की सगळी ‘तत्रैव’ खोटी ठरतात.

एका ग्रंथातले पाच-सहा लेख वापरले असतील तर एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धतीत ग्रंथाची पूर्ण नोंद एकदाच करून प्रत्येक लेखापुढे संपादकाचं आडनाव आणि पानं दिली की भागतं. एपीएमध्ये ही सवलत नाही, प्रत्येक नोंद पूर्ण हवी.

प्रश्न: झोटेरो हे संदर्भसूची तयार करणारं सॉफ्टवेअर संपादकालाच लेखक म्हणून छापतं.
— ईमेलवरून

नोंदीचा प्रकार ‘बुक’ राहिला असणार. तो ‘बुक सेक्शन’ करा, मग लेखाचं शीर्षक आणि ग्रंथाचं नाव यांच्या वेगळ्या चौकटी मिळतात. नावाआधीच्या ‘ऑथर’वर क्लिक करून संपादकासाठी ‘एडिटर’ निवडा.