एक उंदीर विष खाऊन मेला की बाकीचे वासावरून सावध होतात, हे खरं आहे का?

मेलेल्याकडे बघून किंवा त्याचा वास घेऊन उंदीर सावध होत नाहीत. आमच्या घरात हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं भाताचं कोठार आहे. गोणी कुरतडलेली दिसली की दादा त्याच संध्याकाळी भरड्यात झिंक फॉस्फाईड हे उंदीर मारायचं विष कालवून ठेवायचा. आई बजावायची, "मोठ्यानं बोलू नका, ऐकतात ते." सकाळी एखाद-दुसरा मेलेला असायचा. बाकीच्या पुड्यांतले कडेचे चार दाणे कुरतडलेले, मधला ढीग तसाच, वर तो लसणासारखा वास. दादा म्हणायचा, "एकानं दुसऱ्याला सांगितलं."

उंदीर सांगतात हे खरंच आहे, पण सांगतात ते उलटं. कॅनडातले संशोधक बेनेट गेलेफ यांनी 1983 मध्ये एका उंदराला दालचिनीचं किंवा कोकोचं खाणं दिलं आणि मग त्याला दुसऱ्याजवळ सोडलं. दुसऱ्यानं त्याचं तोंड हुंगलं आणि नंतर तेच खाणं पसंत केलं. श्वासातला कार्बन डायसल्फाईड आणि खाण्याचा वास एकत्र आला की उंदराला ते खाणं भरवशाचं वाटतं. खाऊन आलेला उंदीर आजारी असला, तरी हुंगणारा त्या खाण्याला नाकारत नाही! नाकारतो तो ज्यानं स्वतः चार दाणे खाल्ले, ज्याच्या पोटात ढवळलं आणि जो वाचला. दादाच्या घाईनं असेच उंदीर तयार होत होते.

एकदा दादा आठवडाभर बाहेरगावी होता. मी तीन संध्याकाळी नुसता भरडा गोडं तेल चोळून ठेवला. पहिल्या रात्री जेमतेम हात लागला, तिसऱ्या रात्री पत्रावळी चाटूनपुसून साफ. खाऊन गेलेल्यांच्या तोंडाला तोच वास असणार. चौथ्या रात्री त्याच भरड्यात औषध घातलं. सकाळी अकरा उंदीर मोजले. दादा आल्यावर म्हणाला, "पावसानं बिळं भरली म्हणून बाहेर आले." बिळं कोरडी होती, मी स्वतः बघितली होती. "उंदरांना जेवण कसलं घालतोस?" हे तो अजूनही म्हणतो. तुमच्या घरी कोणी असं म्हणालं तर ऐकू नका, आधी साधं खाणं ठेवाच.

गेलेफ यांचे प्रयोग पिंजऱ्यातल्या नॉर्वे जातीच्या उंदरांवरचे आहेत, आपल्याकडच्या बऱ्याच जाती वेगळ्या आहेत, हेही लक्षात ठेवा. आणि उरलेलं औषध उजाडायच्या आत उचलून खोल पुरा. आमचं मांजर त्यानंच गेलं.